तिसऱ्या किकला चालू होते

नमस्कार. 'माणूस आणि त्याचं वाहन' असा विषय मला दिला आहे. मी सुरुवात एका प्रश्नापासून करते. १६ वर्षं वापरलेली माझी गिअरची स्कूटर मी विकायला काढली, तेव्हा बघायला आलेल्या मुलाने विचारलं, "ताई, किती चालली आहे?" जुनी गाडी घेणारा कुणीही हे आधी विचारतोच. मला उत्तर देता आलं नाही. नवव्या वर्षी मीटरची केबल तुटली, ती मी बदललीच नव्हती. आकडा ४७ हजारांवर थांबलेला. "माहीत नाही" म्हणताना माझा आवाज हलला आणि ते त्या मुलालाही जाणवलं. तो नजर चुकवून टायर बघायला लागला.

एका यंत्रासाठी आवाज का हलावा? गाडी काही आजारपणात उशाशी बसत नाही, आपली वाट बघत नाही. तरी ती विकताना माणसं गप्प होतात. मी धडधाकट, व्यवहारी माणसं पाहिली आहेत, जी घर बदलताना रडली नाहीत आणि गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना मात्र तोंड फिरवून उभी राहिली. याला खुळेपणा म्हणून सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आपण बोलतो कसं, ते आठवून पाहा. मागून कुणाची गाडी येऊन धडकली तर आपण सांगतो, "मला मागून ठोकलं." रिक्षा अगदी जवळून गेली तर, "त्याने मला कट मारला." "मी पुलाखाली पंक्चर झाले," असंही मी अनेकदा म्हटलं आहे. पंक्चर चाक झालं, ठोकर बंपरला बसली, पण तोंडात येतं ते 'मी' आणि 'मला'. गाडीवर बसलेल्या माणसाच्या शरीराची हद्द कुठे संपते, हे आपल्या बोलण्याने कधीच ठरवून टाकलं आहे.

विज्ञानाला ते थोडं उशिरा कळलं, पण कळलं. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या दोन ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी १९११ मध्ये मांडलं की मेंदू आपल्या शरीराचा एक आराखडा सतत बाळगून असतो आणि आपल्या हालचालीत जी वस्तू सामील होते, ती त्या आराखड्यात जमा होते. त्यांनी उदाहरण दिलं होतं टोपीवर पीस लावणाऱ्या बाईचं. दारातून जाताना ती मान झुकवते ती डोक्यापुरती नाही, पिसाच्या टोकापर्यंतची. पुढे १९९६ मध्ये जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना छोट्या दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं. हाताजवळच्या जागेची दखल घेणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी, माकड दाताळं वापरायला लागल्यावर, दाताळ्याच्या टोकापर्यंतची जागा हातासारखीच धरू लागल्या. मग रोज तासभर आपण जी गाडी चालवतो, तिचं काय होत असेल? दोन ट्रकांच्या मधून हँडल जाईल की नाही, हे चालवणारा मोजत नाही. त्याला ते खांद्यात कळतं.

मला याचा पुरावा फार विचित्र रीतीने मिळाला. जुन्या स्कूटरला क्लच डाव्या हाताला होता आणि त्याच मुठीत गिअर. नंतर घेतलेल्या बिनगिअरच्या स्कूटरला त्याच जागी मागचा ब्रेक आहे. पहिल्याच दिवशी वेग कमी करायला म्हणून मी डाव्या हाताने सवयीने 'क्लच' पूर्ण दाबला आणि भर रस्त्यात गाडी जागच्या जागी थांबली. मागचा माणूस ओरडला. कुठला दांडा कशाचा, हे मला पक्कं माहीत होतं, पण हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं. डाव्या मनगटात जुनी गाडी राहिली होती, पुढे कित्येक महिने राहिली. "गाडी हाताला बसली" असं आपण म्हणतो. मी म्हणेन, हातात बसते.

ही झाली ओढ. अभिमान ही तिची सख्खी बहीण असली तरी दोघींचा स्वभाव एक नाही. अभिमानाला दुसऱ्याचे डोळे लागतात. नवी गाडी घेतली की आपण ती दाराशी अशी लावतो की येणाऱ्याला दिसावी. याला दिखाऊपणा म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. ज्या घरात कधीच वाहन नव्हतं, तिथल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं आरसी बुक हातात धरलं, तर त्याने ते चार जणांना का दाखवू नये? माझ्यापुरतं सांगते. स्कूटर येण्याआधी मला कुठेही जायचं तर कुणाला तरी "सोडशील का?" असं विचारावं लागायचं. ज्या दिवशी तो प्रश्न बंद झाला, त्या दिवशी मी कारण नसताना गावभर फिरून आले. त्या फेरीत जो अभिमान होता, तो लोखंडाचा नव्हता. माझं मी जाऊ शकते, याचा होता.

म्हणून मला बेर्था बेंझची गोष्ट फार जवळची वाटते. तिच्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, १८८६ मध्ये तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं होतं, पण लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसत नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्थाने दोन मुलांना घेतलं आणि नवऱ्याला न सांगता ती गाडी काढली. जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून अधिक अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रावण विकत घेतलं. उतारावर ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. घरी परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं तिनेच सुचवलं. पेटंट कार्लच्या नावावर होतं, हे खरं. पण त्या संध्याकाळी गाडीच्या आतलं तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ज्याने टोपीची पिन नळीत घातली, गाडी त्याची होते, असं मला वाटतं.

पुढच्या काळात फोर्डच्या मॉडेल टी गाडीबाबत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. १९०८ ते १९२७ या काळात त्या दीड कोटीच्या घरात तयार झाल्या. १९१४ ते १९२५ पर्यंत रंगही एकच, काळा. म्हणजे शेजाऱ्याची आणि माझी गाडी अगदी सारखी. तरी मालकांनी तिला 'टिन लिझी' असं लाडकं नाव ठेवलं. हँडल फिरवून ती चालू करायची, अडली तर स्वतःच उघडून बसायचं. सारख्याच दिसणाऱ्या गाड्यांत प्रत्येकाला आपली गाडी आवाजावरून ओळखू येत असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग फोर्डच्या स्पर्धक कंपनीचे, जनरल मोटर्सचे, आल्फ्रेड स्लोन प्रमुख झाले. त्यांनी वेगवेगळ्या ऐपतीसाठी वेगवेगळ्या गाड्या आणि दरवर्षी बदलणारं रूप ही वाट धरली. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रंगरूपासाठी वेगळा विभागच निघाला. गाड्या देखण्या झाल्या, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर अभिमानाला तारीख चिकटली. गाडीत काही बिघाड नसतानाही ती गेल्या वर्षीची म्हणून मान खाली घालायला माणसं शिकली. मला याचा राग येतो. दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगणारा अभिमान ते डोळे दुसरीकडे वळले की संपतो. ओढ मात्र त्यानंतरच वाढू लागते, कारण आता त्या गाडीकडे बघणारे आपण एकटेच उरलेले असतो.

पहिला ओरखडा आठवतो ना? नव्या गाडीला पहिला ओरखडा पडला की दोन दिवस जेवण जात नाही. पाचव्या ओरखड्यानंतर मात्र आपण बोट ठेवून सांगू लागतो, हा फाटकाचा, हा पावसात घसरले तेव्हाचा.

गाडीची किंमत ठरवताना हे सगळं आडवं येतं. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना साधे कॉफीचे मग दिले. काही मिनिटांपूर्वी हातात आलेला तो मग विकायला मालक जी किंमत मागत होते, ती घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांचा मग! आणि इथे १६ वर्षांची स्कूटर. आपली जुनी गाडी लोक कवडीमोलाने मागतात असं प्रत्येकाला वाटतं, त्याचं मूळ लोभात नाही.

जेसी चँडलर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २०१० मध्ये थेट गाड्यांवरच अभ्यास केला. आपल्या गाडीचा विचार माणसासारखा, स्वभाव असलेली कुणी म्हणून करायला लावलेले लोक ती बदलायला कमी राजी होते. गाडी किती चांगली चालते, याकडे त्यांचं लक्षही कमी होतं. मला यात नवल वाटत नाही. 'आज रुसली आहे' असं जिच्याबद्दल म्हणतो, तिला ॲव्हरेज कमी देते म्हणून कोण काढून टाकेल?

आणि काही जण काढतच नाहीत. अमेरिकेत अर्विन गॉर्डन नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १९६६ मध्ये एक लाल व्होल्वो पी १८०० घेतली आणि तीच चालवत राहिले. २०१३ मध्ये अलास्कात तिने ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. एका माणसाने, एका गाडीत. ते वेळच्या वेळी तेल बदलत, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करत, गाडीसोबतचं पुस्तक सांगेल तसं वागत. यातलं प्रेम मला फार शांत वाटतं. भाषणं नाहीत, तेल बदलणं आहे.

एक गोष्ट मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. गाडी शरीराचा भाग झाली, की तिला लागलेलं आपल्याला लागतं, आणि लागलं की हात उठतो. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की गाडीवर स्टिकर आणि सजावट जास्त लावणाऱ्या चालकांमध्ये रस्त्यावर आक्रमक वागण्याचं प्रमाण जास्त होतं. स्टिकरवर काय लिहिलं आहे, याने फरक पडत नव्हता. शांततेचा संदेश असला तरी तेच. माझ्या हद्दीच्या खुणा किती, एवढंच मोजलं जात होतं. आरशाला आरसा घासला म्हणून रस्त्यात कॉलर धरणारा माणूस मला आवडत नाही, पण त्याला नेमकं कुठे लागलं, ते मला कळतं. आपल्या गाडीवर जीव असलेल्या माणसाने समोरच्याच्या गाडीवरही कुणाचा तरी जीव आहे, हे ओळखायला हवं. ते न ओळखणारं प्रेम मला अर्धंच वाटतं.

आता त्या मुलाकडे वळते. किती चालली आहे? ४७ हजारांपर्यंतचं मीटरला माहीत होतं. त्यापुढचं फक्त मला माहीत होतं आणि ते किलोमीटरमध्ये नव्हतं. आई दवाखान्यात होती त्या ११ रात्री, डबा पायांशी ठेवून केलेल्या फेऱ्या. नोकरीच्या मुलाखतीला जाताना पावसात बंद पडलेली गाडी, रस्त्याच्या कडेला पदराने पुसलेला प्लग. भाचीला पुढे उभी करून मारलेल्या चकरा. ती आता माझ्याहून उंच आहे. यातलं त्याला काय सांगणार होते? त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर खरंच नव्हतं.

पैसे मोजून झाले, कागदांवर सह्या झाल्या. मी त्याला नीट समजावून सांगितलं. आधी गाडी थोडी कलती करायची. चोक अर्धाच ओढायचा. दोन किका रिकाम्या जातात, तिथे घाई करायची नाही, तिसऱ्या किकला चालू होते. थंडीत चौथी. तो मन लावून ऐकत होता. चांगला मुलगा होता. त्याने चोक ओढला आणि किक मारली.

पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

१६ वर्षांत माझ्यासाठी ती अशी कधी झाली नव्हती. तो हसला, हात हलवून निघाला आणि कोपऱ्यावर वळला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याने किक मारली त्या क्षणी माझाही उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला होता.