नैरोबीत भरायचे, थिकात काढायचे

श्रोतेहो, नमस्कार. परक्या देशात जायचं आणि तिथली माणसं एखादी सेवा कशी वापरतात ते त्यांच्याजवळ बसून पाहायचं, हे माझं काम. याला आम्ही 'युजर रिसर्च' म्हणतो. पहिल्यांदा या कामाला निघालेल्या सहकाऱ्याला मी केनियातली एक हकिगत आवर्जून सांगते.

ऑक्टोबर 2005. व्होडाफोनचे निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी तिथल्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीबरोबर एक प्रयोग सुरू केला, एम-पेसा. 'एम' मोबाइलचा, आणि स्वाहिलीत 'पेसा' म्हणजे पैसाच. छोटं कर्ज घेतलेल्यांना हप्ता फोनवरून भरता यावा, एवढाच हेतू. नैरोबीचा मध्यभाग, मथारेची गरीब वस्ती आणि थिका हे बाजाराचं गाव, अशा तीन जागा. जेमतेम पाचशे कर्जदार आणि खात्यात रोकड भरून घेणारी, काढून देणारी मोजकी दुकानं.

लोनी केनियातच मुक्काम ठोकून होत्या. लोक हप्ते भरत होते, पण भलतंच काही करतही होते. कुणी एका गावच्या दुकानात रोकड भरायचा, प्रवास करून दुसरीकडे जायचा आणि तीच रक्कम तिथे काढायचा. वाटेत खिसा कापला तरी पैसे शाबूत! व्यापारी संध्याकाळचा गल्ला रातोरात यात ठेवायचे, कारण बँका लवकर बंद व्हायच्या आणि ही दुकानं उघडी असायची. कुणी दुसऱ्याचा हप्ता भरायचा आणि बदल्यात त्याच्याकडून काम करून घ्यायचा. गावाकडच्यांसाठी टॉकटाइम घेऊन तो पाठवणारेही होते.

'हप्ता भरणं सोपं गेलं का?' या प्रश्नाला हे उत्तर कधीच आलं नसतं.

मार्च 2007 मध्ये एम-पेसा देशभर सुरू झालं, तेव्हा कर्जाची गोष्ट मागे पडली होती. जाहिरातीत शब्द होते, 'सेंड मनी होम'. मुंबईच्या गिरणीत राबून कोकणात मनीऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्याला त्यांचा अर्थ सांगावा लागला नसता.

म्हणून मी दुभाष्याला पहिल्याच दिवशी विनवते, सारांश नको, बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगा. प्रश्नावली दोन दिवस बॅगेतच असते. आणि दुकानाची फळी लावायची वेळ झाली की मी तिथे जाऊन थांबते. दिवसभराचा गल्ला कुठे जातो, ते बघायला.