दोन मुदती, एक गुपित

नमस्कार. आज बोलायचे आहे ते अनोळखी माणसांनी मध्यस्थाशिवाय क्रिप्टो नाणी बदलण्याच्या ‘अ‍ॅटॉमिक स्वॅप’ या पद्धतीविषयी. समजा, नाशिकच्या अनघाकडे बिटकॉइन आहे आणि तिला लाइटकॉइन हे दुसरे क्रिप्टो नाणे हवे आहे, तर टोरांटोतल्या निखिलकडे लाइटकॉइन आहे आणि त्याला बिटकॉइन हवे आहे. दर ठरला आहे, पण दोघांची ओळख नाही. मग आधी कोणी पाठवायचे? मंडईत आपण या हाताने पैसे देतो आणि त्या हाताने भाजी घेतो; येथे मात्र बिटकॉइनच्या साखळीला (ब्लॉकचेनला, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीला) लाइटकॉइनच्या साखळीत काय चालले आहे हे दिसतच नाही, त्यामुळे जो आधी पाठवेल तो सर्वस्वी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतो.

नेहमीचा उपाय म्हणजे दोघांनी आपापली नाणी एखाद्या एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची देवघेव करून देणाऱ्या कंपनीच्या, स्वाधीन करणे. तो किती महाग पडू शकतो हे भारतातल्या ग्राहकांनी 18 जुलै 2024 रोजी पाहिले. त्या दिवशी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि नाणी काढून घेण्याची सोय बंद झाली. दोन साखळ्यांना जोडणारे ‘ब्रिज’ही याला अपवाद नाहीत. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिज लुटला गेला, तेव्हा चोरांना व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊपैकी पाच डिजिटल चाव्या पुरल्या.

तिसरा मार्ग म्हणजे अ‍ॅटॉमिक स्वॅप. व्यवहार एकतर पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, मधल्यामध्ये लटकू नये, हा ‘अ‍ॅटॉमिक’चा येथील अर्थ. याला ‘ट्रस्टलेस’ असेही म्हणतात. त्याचे ‘विश्वासहीन’ हे भाषांतर मला पटत नाही, कारण येथे विश्वास उडालेला नसतो, त्याची गरजच उरलेली नसते. टियर नोलन या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने 2013 मध्ये ही कल्पना मांडली, आणि सप्टेंबर 2017 मध्ये लाइटकॉइनचे जनक चार्ली ली यांनी लाइटकॉइन आणि डिक्रेड या आणखी एका नाण्यातली अशी अदलाबदल प्रत्यक्ष करून दाखवली.

यातली युक्ती हॅशची आहे. मी आत्ता माझ्या लॅपटॉपवर एसएचए-256 या सूत्रात ‘आंबा’ हा शब्द घातला. 64 अक्षरांची एक ओळ मिळाली; हीच त्या शब्दाची हॅश. ‘आंबे’ लिहिले, तर पहिलीशी काहीही साम्य नसलेली दुसरी ओळ आली. शब्दावरून ओळ क्षणात काढता येते, पण ओळीवरून शब्दाकडे परत जाण्याची वाट नाही. अर्थात ‘आंबा’ कोणीही अंदाजाने ओळखील, म्हणून अनघाचे वॉलेट 32 बाइट्सचे यादृच्छिक गुपित तयार करते आणि फक्त त्याची हॅश निखिलला कळवते.

आता अनघा आपले बिटकॉइन दोन अटींवर अडकवून ठेवते: या हॅशचे गुपित दाखवील तर निखिलने ते न्यावे, 48 तासांत कोणी नेले नाही, तर तिला परत घेता यावे. ती अट साखळीवर पक्की झाली आहे, रक्कम आणि मुदत बरोबर आहे, याची खात्री करून निखिल त्याच हॅशवर आपले लाइटकॉइन अडकवतो, मात्र 24 तासांच्या मुदतीने. अनघा गुपित दाखवून लाइटकॉइन उचलते. ते उचलतानाच गुपित लाइटकॉइनच्या साखळीवर सर्वांसमोर उघडे पडते, निखिल ते तेथून वाचतो आणि त्याच गुपिताने बिटकॉइन घेतो.

मुदती 48 आणि 24 अशा वेगळ्या का, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि माझ्या मते सारी सुरक्षितता तेथेच आहे. दोन्हीकडे 24 तास ठेवले असते, तर अनघाने अगदी शेवटच्या मिनिटाला लाइटकॉइन उचलले असते, आणि निखिल गुपित वाचून बिटकॉइनपर्यंत पोहोचण्याआधी परताव्याचा मार्गही तिला खुला झाला असता. ज्याला गुपित ठाऊक आहे त्याची मुदत लांब हवी. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे साखळीत नोंदला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण कधी तासभरही लागतो, म्हणून मधले अंतर सढळ ठेवतात. उलट अनघाने चोविसावा तास उलटेपर्यंत रेंगाळून मग गुपित दाखवणे तिलाच नडेल: निखिल आपले लाइटकॉइन परत घेईल आणि तिने उघड केलेले गुपित वापरून बिटकॉइनही नेईल.

नाणी ‘आपोआप’ परत येतात, असे अनेक व्हिडिओंत सांगितले जाते. ते चूक आहे. मुदत संपल्यावर परताव्याचा व्यवहार स्वतः पाठवावा लागतो, त्याचे शुल्क भरावे लागते, आणि तोवर जागे राहावे लागते. गुपित उघड झाल्यावर निखिल दीड-दोन दिवस प्रवासात गाफील राहिला, तर त्याचे दोन्हीकडचे जाईल.

आणखी एक खाचखळगा कोडमध्ये आहे. बिटकॉइनच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे अशा अटी लिहिण्याच्या भाषेत, 520 बाइट्सपेक्षा मोठा घटक चालत नाही. दुसऱ्या साखळीवर चालत असेल, तर लबाड माणूस मुद्दाम लांबलचक गुपित निवडून तिकडची नाणी उचलील, आणि समोरच्याला ते गुपित बिटकॉइनवर वापरताच येणार नाही. म्हणून गुपित नेमके 32 बाइट्सचेच असावे, ही अट दोन्हीकडे लिहावी लागते.

एक दोष मात्र कोडने पूर्ण सुटत नाही. गुपित अनघाकडे असल्यामुळे तिला जवळजवळ दिवसभर भाव पाहत बसता येते. लाइटकॉइन घसरले, तर ती गुपित दाखवणारच नाही. निखिलची नाणी त्याला परत मिळतील, पण दिवस आणि शुल्क वाया गेलेले असेल. ही फुकट मिळालेली निवड आहे, आणि मुदती आखडल्या तर ती कमी होते, पण वेळेत नाणी न उचलता येण्याचा वरचा धोका वाढतो.

निखिल टोरांटोऐवजी ठाण्यात असता, तर आणखी एक बाब आली असती. क्रिप्टोच्या बदल्यात क्रिप्टो दिली, तर दोघेही विक्रेते आणि दोघेही खरेदीदार ठरतात, आणि ठरावीक मर्यादेपुढे 1 टक्का कर भरल्याचा पुरावा दोघांनी एकमेकांना द्यावा, असे प्राप्तिकर खात्याचे 2022 चे परिपत्रक सांगते. तो पुरावा तपासून मगच नाणी सोडणारी अट बिटकॉइनच्या स्क्रिप्टमध्ये लिहिता येत नाही. कर भरल्याची ती पावती त्यांना एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवावे लागेल, आणि आधी कोणी पाठवायचे, हेही त्यांनीच ठरवायचे आहे.