कुंचल्याचा फटकारा आणि फॉन्ट

मंडळी, मघाशी मी चपट्या ब्रशने 'ममता' लिहिलं, ते अजून ओलं आहे. जवळ येऊन बघा. पहिल्या 'म'च्या गाठीत रंग साचलाय, कारण ब्रश नुकताच डब्यातून निघाला होता. दुसऱ्या 'म'पर्यंत तो सुकत गेला, आणि 'ता'च्या कान्याखाली तर केसांच्या रेघा सुट्या दिसतात. शिरोरेघ शेवटी ओढली, ती उजवीकडे जरा वर गेली. यातलं काहीही मी ठरवून केलं नाही.

आता हाच शब्द पडद्यावर, ब्रशच्या वळणाच्या एका फॉन्टमध्ये. दोन्ही 'म' हुबेहूब. तीच गाठ, तोच सुकलेला फराटा. हात असं कधी करत नाही, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. अशा फॉन्टला सहज दिसायचं असतं, पण त्याचं अक्षर साच्यातलं असतं.

ही अडचण शिशाच्या खिळ्यांपासूनची, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांपासूनची. रॉबर्ट स्मिथ यांचा 'ब्रश स्क्रिप्ट' हा इंग्रजी फॉन्ट १९४२चा. फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफाँ यांनी १९५३मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्ट्राल' हा फॉन्ट केला. खिळे सुटे, तरी अक्षरं एकमेकांचा हात धरून चालल्यासारखी दिसतात. मला तो आजही थक्क करतो. संगणकावर आता एका अक्षराची दोन-तीन रूपं फॉन्टमध्ये ठेवता येतात आणि शेजार बघून ती आपोआप बदलतात.

देवनागरीत मात्र शिरोरेघ आड येते. ती पट्टीने मारल्यासारखी सरळ ठेवली, तर ब्रशचा जीव जातो. प्रत्येक अक्षरावर तिरकी केली, तर पुढच्या अक्षराशी सांधा जुळत नाही. नाटकांच्या नावांची अक्षरं काढणारे कमल शेडगे एखादं नाव रेखाटत, तेव्हा समोर तेवढंच नाव असे. कुठली वेलांटी लांबवायची, कुठला उकार खाली सोडायचा, हे त्या नावापुरतं ठरे. फॉन्ट करणाऱ्याला पुढचं अक्षर कोणतं येणार हेच माहीत नसतं. म्हणून तो रेघेची दोन्ही टोकं एका उंचीवर बांधतो आणि हालचाल पोटात करतो.

अशा फॉन्टच्या वापराचं थोडक्यात सांगतो. दुकानाची पाटी, लोणच्याच्या बरणीवरचं नाव, वाढदिवसाचं कार्ड: दोन-चार शब्द, मोठ्या आकारात. परिच्छेद नको, वाचणारा दमतो. श्रद्धांजलीच्या फलकावर तर मला तो फार खटकतो. इंग्रजी मजकूर सगळा कॅपिटलमध्ये लावू नका. आणि जागा भरायला अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेघेचे तुकडे होतात. डीटीपीवाल्यांनो, हे रोज दिसतं हो!

फॉन्ट घेण्याआधी त्यात 'बाबा', 'काकी', 'ममता' टाइप करा, छापून भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जा. जुळी अक्षरं तिथूनही डोळ्यात आली, तर तेवढी हाताने बदलून घ्या. त्यासाठीच आज तुम्हाला ब्रश आणायला सांगितले होते. चला, रंग कालवा.