बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मंडळी, गाडी सुरू झाली नाही की निकाल आधी लागतो, तपास मागाहून होतो. ‘बॅटरी गेली!’ नवी बसवली जाते, चार दिवस गाडी झकास चालते आणि मग पुन्हा तीच रड. नवी बॅटरी भरलेली आली होती, म्हणून ती उतरेपर्यंत मूळ दुखणं झाकलं गेलं, एवढंच. मल्टीमीटर हल्ली बऱ्याच घरांत असतो. पण तो लावल्यावर दिसलेला आकडा नेमका कोणत्या वेळी घेतला, हे कळल्याशिवाय त्याला काडीचाही अर्थ नाही.

पहिला आकडा गाडी बंद असतानाचा. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. भरलेली आणि काही तास निवांत पडलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ वर आली की जेमतेम पाव उरली. नुकतीच गाडी फिरवून आणली असेल तर १२.९ सुद्धा दिसेल. त्या आकड्यावर भाळू नका, तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट दोनेक मिनिटं लावा, बंद करा, जरा थांबा आणि मग मोजा. चार्जरवर रात्रभर ठेवूनही बॅटरी साडेदहाच्या आसपासच अडकली असेल तर एक सेल बसला. तिथे चर्चा संपली, नवी आणा.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा, कारण बंद गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरीही भार पडताच मान टाकू शकते. एकाने मीटरकडे बघायचं, दुसऱ्याने चावी फिरवायची. आकडा ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी भरलेली होती, तर तिच्यात दम उरलेला नाही. ‘टकटकटक’ असा भरभर आवाज आला तर बहुधा व्होल्टेज कोसळतंय. पण एकच ‘टक’ आणि मीटर बारावरून हललाच नाही, तर बॅटरीला सोडा. सेल्फ किंवा त्याची वायर बघा.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, म्हणजे डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) काम करत असतानाचा. १३.८ ते १४.७ मध्ये असेल तर साधारणपणे ठीक. हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा, इंजिन दोन हजार आरपीएमवर धरा आणि पुन्हा बघा. तेरापर्यंतही टिकत नसेल तर आधी डायनॅमो फिरवणारा बेल्ट तपासा: ढिला झालाय का, चकाकी आलीय का. पंधराच्या वर सरकत असेल तर डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला; अशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरी उकळून निघेल. नव्या गाड्यांत मात्र डायनॅमोला किती चार्ज करायचं हे कॉम्प्युटर सांगतो. बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम साडेबारा-तेरावर ठेवतो, त्यामुळे एकदाच मोजून डायनॅमोला फाशी देऊ नका. भार टाका, थोडा वेळ बघत राहा.

आणि कृपा करून चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपसून ‘डायनॅमो चांगला आहे का बघू’ हा उद्योग करू नका. जुन्या गाड्यांत खपून गेला असेल. बॅटरी अचानक बाजूला झाली की व्होल्टेजची जी उसळी येते, ती डायनॅमोचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि गाडीतले कॉम्प्युटर घेऊन जाऊ शकते.

आता ज्यासाठी मी खरं तर बोलायला उभा राहिलो ते. डायनॅमो चांगला, बॅटरी चांगली, तरी चार्ज होत नाही, असं का होतं? मधल्या वायरमुळे! इंजिन चालू ठेवा, सगळा भार लावा. मीटरची एक पिन डायनॅमोच्या मागच्या जाड बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. मीटर किती व्होल्ट वाटेत हरवतात ते सांगेल. ०.२ पर्यंत चालेल. पूर्ण एक व्होल्ट दिसला आणि वायरमधून चाळीस अँपिअर जात असतील, तर चाळीस वॅट त्या वाटेत नुसते तापतायत; खराब जोड कुठे आहे ते हात जवळ नेला तरी कळतं. मग हेच डायनॅमोच्या अंगावरून बॅटरीच्या मायनसपर्यंत करा. हा अर्थिंगचा, म्हणजे मायनस बाजूचा तपास जवळजवळ कुणीच करत नाही, आणि बॉडीला जाणारी गंजलेली पट्टी मजेत सुटून जाते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सगळ्यांना दिसते. शिशाच्या खुंटीवर, क्लँपच्या आत बसलेला काळा थर दिसत नाही. म्हणून दोन्ही पिना क्लँपवर नकोत; एक खुंटीच्या डोक्यावर टोचा, दुसरी त्याच खुंटीच्या क्लँपवर, आणि सेल्फ मारा. दोन बोटांच्या अंतरात अर्धा व्होल्ट गायब झालेला सापडेल. घासून घट्ट केलं की काम झालं, पैसे शून्य.

उरला रात्रीचा चोर. सकाळी बॅटरी उतरलेली, दिवसा चार्जिंग ठीक. गाडी बंद ठेवून बॅटरीच्या मायनसची वायर सोडवा आणि खुंटी व वायर यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर जोडा, पिन दहा अँपिअरच्या भोकात, आणि तो असताना चुकूनही सेल्फ मारू नका. दारं उघडी असली तरी त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दारं बंद वाटतील; चावी लांब ठेवा, अर्धा तास थांबा. कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. पन्नास मिलीअँपिअरच्या आत असेल तर चिंता नको. तीनशे असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले, म्हणजे पंचेचाळीसची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. फ्यूज एकेक उपसत गेलात तर झोपलेलं काहीतरी जागं होतं, म्हणून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजणं बरं. जिथे आकडा दिसला त्याच फ्यूजच्या मागे शोधा.

एकाही फ्यूजवर काही सापडलं नाही, तर आधी बॅटरीची मायनस जोडणी सोडवा, मग डायनॅमोची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने झाका आणि मायनसमध्ये मीटर तसाच जोडून पुन्हा मोजा. गळती थांबली तर चोर डायनॅमोच आहे: डायोड खराब झाला की तो रात्रभर बॅटरी पिऊ शकतो आणि दिवसा मीटरवर साडेतेरा-चौदा दाखवतो. खात्री करायला मायनसमधला मीटर काढा, डायनॅमोची वायर परत जोडा, मग बॅटरीचं मायनस जोडा, इंजिन चालू करा, मीटरची पिन व्होल्टच्या भोकात आणून मीटर एसी व्होल्टवर न्या आणि बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायनॅमो उतरवून डायोड प्लेट बघायला द्या.