तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी, दसरा नुकताच झाला होता तेव्हा, एक मावशी तपासणीला आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ. पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, हे काहीतरी चुकलंय. आमचं माळकरी घर. अंडंसुद्धा शिजत नाही. मग कोलेस्टेरॉल येईलच कुठून?"

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, होतं १६८. साधारण निरोगी माणसात ते १००च्या खाली असावं.

मावशींचा प्रश्न अगदी रास्त होता आणि तो मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. म्हणून आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

कोलेस्टेरॉल फक्त खाण्यातून येत नाही. त्याचा बराच मोठा भाग आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, स्वतःच बनवतं, कारण शरीराला त्याची गरज असते. पेशींची आवरणं, काही संप्रेरकं, अन्न पचवणारं पित्त, हे सगळं त्यातून तयार होतं. रक्तातून ते वाहून नेणारे कण म्हणजे एलडीएल. काम झालं की हे कण परत ओढून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू छोटे दरवाजे असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी हे दरवाजे शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. आता मुद्दा असा, की आहारात संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, जास्त झाली की हे दरवाजे कमी होतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातं. अंडं न खाणाऱ्या घरातही हे होतं.

तेलाच्या पिशवीवर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. खरं तर कुठल्याही वनस्पती तेलात सांगण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतंच. पाहायची असते ती संपृक्त चरबी. पाम तेलात ती जवळपास निम्मी असते, खोबरेल तेलात त्याहूनही पुष्कळ जास्त. शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा, आणि करडईच्या तेलात तर अगदी कमी. आपल्या मराठवाड्यात, सोलापूरकडे करडई पिढ्यान्‌पिढ्या पिकते. घाण्यावरचं करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल हेच आपलं रोजचं तेल होतं. पाम तेल अलीकडचं. ते स्वस्त पडतं, म्हणून फरसाणाच्या कढईत बहुतेक ठिकाणी तेच असतं. तीच कढई दिवसभर तापत राहते, आणि तेच तेल दुसऱ्या दिवशीही वापरलं गेलं तर ते आणखी वाईट.

पण मावशींना मी तेल कोणतं हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "पंधरा किलोचा डबा किती दिवस जातो?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "आषाढीला फोडला होता. दसऱ्याला नवा आणला."

म्हणजे तीन महिने. घरात माणसं चार. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. महिन्याला पाच किलो, माणशी दिवसाला चाळीस ग्रामच्या वर. रोजच्या स्वयंपाकाला माणशी वीस ग्राम तेल पुरे होतं. चहाच्या चमच्याने मोजाल तर चार चमचे, त्यात फोडणी आली, भाजी आली, पोळीचं आणि तळणाचंही आलं. त्या हिशेबाने आषाढीचा तो डबा संक्रांतीपर्यंत पुरायला हवा होता.

मावशी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तर रोज अंदाजानेच ओतते."

श्रोतेहो, मुळाशी हा अंदाजच आहे. भाजीला तेल ओततो ते थेट किटलीतून, तर्री यावी म्हणून जरा जास्तच. त्याऐवजी ओट्यावर एक छोटी बरणी ठेवा. चौघांचं घर असेल तर सोळा चमचे तेल सकाळी त्यात काढा आणि दिवसभर तेवढंच वापरा. ज्या दिवशी भजी असतील त्या दिवशी भाजी वाफेवर शिजवा. वरणभातावर घरच्या साजूक तुपाचा चमचाभर गोळा असेल तर तोही याच हिशेबात धरा. वनस्पती तूप मात्र घरात आणूच नका. तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, म्हणजे ट्रान्स फॅट, त्यात असते. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, हा फार चांगला निर्णय झाला. पण ट्रान्स फॅट थोडं असलं तरी ते एलडीएल वाढवतं आणि उपयोगी असलेलं एचडीएल घटवतं. म्हणून वनस्पती तुपातली खारी, नानकटाई, टोस्ट हे रोज चहाबरोबर नकोत.

उपवासाबद्दलही मला कळकळीने बोलायचंय. 'एकादशी दुप्पट खाशी' हे आपणच म्हणतो. तुपातली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, वर बटाट्याचा चिवडा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. भारतीय माणसांत एलडीएलच्या जोडीला ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, वाढलेलं आणि एचडीएल कमी असं चित्र फार दिसतं. साखर, मैदा, ढीगभर भात आणि पोटाचा वाढता घेर यांचा त्यात मोठा वाटा आहे. कमरेला टेप लावून बघा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर वजनकाटा काहीही म्हणो, काळजी घ्यायला हवी. उपवासाला राजगिरा, ताक, फळं आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. विठ्ठलाला तेवढं चालतं.

आता काय कमी करायचं हे सोडून काय वाढवायचं ते सांगतो, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

चमचाभर मेथीदाणे रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी बोट लावून बघा, पाणी बुळबुळीत झालेलं असतं. जवसाचंही तसंच, इसबगोलाचं तर फारच. हा बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारा चोथा. मघाशी म्हटलं ना, की यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं? ते पित्त आतड्यात उतरतं, आणि एरवी त्यातलं बरंचसं परत शोषलं जाऊन पुन्हा वापरलं जातं. हा चोथा पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवं पित्त करावं लागतं, आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. इतकी साधी गोष्ट आहे ही. चवळी, राजमा, घेवडा, सातूचं पीठ, पेरू, सफरचंद, वांगं, यांत हा चोथा भरपूर असतो. जवसाची चटणी तर आपल्याकडे भाकरीबरोबर होतीच. ती पुन्हा पाट्यावर, नाहीतर मिक्सरवर येऊ द्या. त्यात मीठ मात्र बेताचं. दिवसभराचं सगळं मिळून मीठ चहाचा एक चमचा, म्हणजे पाच ग्रामच्या आत असावं. लोणचं, पापड आणि ठेचा यांचं मीठही त्यात मोजायचं. कोकणातल्या श्रोत्यांना सांगतो, बांगडा आणि तारली हृदयाला फार चांगले, पण कालवणातले. रव्यात घोळवून तेलात पोहणारे नव्हेत.

लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं याचं एक उदाहरण मला नेहमी धीर देतं. फिनलंडमध्ये नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे. तिथे पन्नाशीच्या आतबाहेरचे पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. १९७२ साली तिथे डॉ. पेक्का पुस्का यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं. पावावर लोण्याचा जाड थर द्यायचा आणि भाज्या फारशा खायच्याच नाहीत, अशी तिथली रीत. पुस्कांनी गावोगावच्या गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरलं. एकत्र जमायचं, जुनेच पदार्थ कमी चरबीचे आणि भाज्या घालून करायचे, एकमेकींना वाढायचे. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तिथलं लोणी आणि आपलं तळण यांत फरक आहे, पण आपल्याकडेही गावोगाव बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, हळदीकुंकू आहे.

चालण्याबद्दल थोडक्यात. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण शंभर पावलं फार थोडी झाली. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाला. शेतात राबणाऱ्यांचा व्यायाम होतोच. दुकानात आणि ऑफिसात बसणाऱ्यांचा होत नाही.

आणि तंबाखू. बिडी, सिगारेट, चुना लावून मळलेली, आणि आपल्या आयाबहिणींची मिश्रीसुद्धा. मिश्रीला अनेकजणी तंबाखू मानतच नाहीत. ती तंबाखूच आहे. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. साठीत सोडलं तरी फायदा होतो.

कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. ते रक्त तपासूनच कळतं. तिशी ओलांडली की एकदा तपासून घ्या. घरात कुणाला तरुणपणी झटका आला असेल तर त्याच्याही आधी. ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांना हात जोडून विनंती, रिपोर्ट चांगला आला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असतो. आणि छातीत दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर गॅस समजून ओवा खात बसू नका. १०८ला फोन करा.

त्या मावशींना मधुमेह नव्हता, रक्तदाब बरा होता, म्हणून गोळीच्या आधी काही महिने खाण्यात बदल करून बघायचं ठरलं. दसऱ्याला आणलेल्या नव्या डब्यावर त्यांनी खडूने तारीख लिहिली. सुनेने सकाळी बरणी भरायची आणि नातवाने चमचे मोजायचे, असं ठरलं. होळीला त्या पुन्हा आल्या. एलडीएल होतं १३९. अजून खाली यायला हवं, हे मी त्यांना सांगितलंच.

"आणि डबा?" मी विचारलं.

"आहे अजून तळाला," मावशी म्हणाल्या. "पाडव्याला नवा आणीन."

नमस्कार.