छातीतली कळ आणि ब्रँडीचे दोन चमचे

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो असा: छातीत कळ आली की द्राक्षासव (द्राक्षं आंबवून केलेलं आयुर्वेदिक औषध), वाइन किंवा ब्रँडी का देत, आणि आता का देऊ नये. 'का देत' इथूनच सुरुवात करतो, कारण ते मी घरात पाहिलंय.

साल १९६१. गिरगावातली चाळ, तिसरा मजला. मुंबईत दारूबंदी. १९४९च्या कायद्याने सगळं आवळलेलं. इथे जुने गिरगावकर बरेच दिसताहेत, त्यांना दारूचं परमिट आठवत असेल. शेजारच्या आजोबांकडे परमिटवरची ब्रँडी असे. ती पिण्यासाठी आहे असं चाळीत कुणाच्या मनातही येत नसे. तान्ह्या बाळाच्या छातीला चोळायला, बाळंतिणीला थंडी वाजली तर, कुणाला घेरी आली तर. आसवांचं मात्र वेगळं होतं. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधं या बंदीतून सोडवली होती.

एका रात्री माझे काका, आमचे अप्पा, जिना चढून आले आणि दारातच बसले. छातीवर मूठ धरलेली, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. आजीने फुलपात्रात कोमट पाणी घेतलं, त्यात ब्रँडीचे दोन चमचे. दहा मिनिटांत अप्पांच्या कानशिलांवर लाली आली. म्हणाले, "आता बरं वाटतंय, झोपतो." डॉक्टर दोन इमारती सोडून राहत. त्यांना रात्री कशाला उठवायचं, असं ठरलं. दूधवाला आला तेव्हा अप्पा गेलेले होते.

घरात पुढे कित्येक वर्षं आजीला बोल लागला. मला ते तेव्हाही पटलं नाही. ज्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली लंडनच्या वैद्यांसमोर या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन वाचलं आणि त्याला 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव दिलं, त्यांनीही वाइन, मद्यार्क आणि अफूने आराम पडतो असंच लिहिलंय. आजीने लंडनच्या नामांकित वैद्यापेक्षा काही वेगळं केलं नव्हतं!

आपल्याकडचं सांगायचं तर चरकाने चौऱ्याऐंशी आसवं मोजली आहेत. द्राक्षासवाच्याच जातीच्या द्राक्षारिष्टाच्या श्लोकाची सुरुवातच 'उरःक्षतं क्षयं हन्ति' अशी. पण उरःक्षत म्हणजे छातीतली जखम, खोकल्यातून रक्त पडणं; चालताना येणारी कळ नव्हे. 'उर' शब्द दिसला की आपण हृदय समजतो, आणि तसे निरोप मोबाइलवर फिरत राहतात. मला याचा फार त्रास होतो. हृदयासाठीचं अर्जुनारिष्ट वेगळं. त्यात अर्जुनसाल, मनुका, मोहाची फुलं, गूळ आणि आंबवायला धायटीची फुलं. त्यातला मद्यार्क भांड्यातच तयार होतो, वरून ओतत नाहीत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग मुद्दा पटकन सांगतो.

ब्रँडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आणि लाली. मेंदूला वेदना कमी जाणवते, भीती उतरते. हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीतून रक्त मात्र तेवढंच जातं. १९५० साली अमेरिकेत डॉक्टरांनी रुग्णांना व्हिस्की देऊन श्रम करायला लावले. कळ कमी आली, पण ईसीजीतला बिघाड तसाच होता. खरा उतारा १८६७ साली लॉडर ब्रंटन यांनी दाखवला, अमिल नायट्राइट हुंगायला देऊन. १८७९ साली विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीन आणलं. जिभेखालची आजची गोळी त्याच घराण्यातली.

अप्पांच्या बाबतीत ब्रँडीने घात केला तो एवढाच: कळ थांबली, म्हणून डॉक्टरांना बोलावणं थांबलं.

तेव्हा छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम असं झालं तर जागेवर बसवा, १०८ लावा. बरं वाटलं तरी लावा. रात्रीचे दोन वाजले असतील तरी लावा. आणि कुणाचं अरिष्ट-आसव चालू असेल तर ते हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आता प्रश्न घेतो.