नऊ जागा, नऊ मतं: सिनसिनाटीची चिन्हाविना निवडणूक

मंडळी, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराची मतपत्रिका पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला काहीतरी छापायचं राहून गेलंय असंच वाटतं. चिन्ह नाही, पक्षाचं नाव नाही. नगर परिषदेच्या चौकटीत सूचना एवढीच की जास्तीत जास्त नऊ जणांना मत द्या. खाली नावांची रांग आणि प्रत्येक नावाशेजारी पेनानं भरायचा लंबगोल. २०२१ मध्ये या रांगेत तीसहून जास्त नावं होती. वॉर्ड नाहीत, सगळं शहर मिळून एकच मतदारसंघ. ज्या नऊ जणांना सर्वाधिक मतं, ते दोन वर्षांसाठी निवडून आले. शहराची वस्ती २०२० च्या जनगणनेत ३,०९,३१७, म्हणजे साधारण आपल्या इचलकरंजीएवढी.

उमेदवारीला पक्षाचं तिकीट लागत नाही, शहरातल्या ५०० मतदारांच्या सह्या लागतात. मतदानाच्या ७५ दिवस आधी, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, हे कागद निवडणूक मंडळात पोचले पाहिजेत. पाचशे आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण नवखे उमेदवार इथेच पडतात. सगळ्यात मोठा सापळा पत्त्याचा. ब्लू ॲशसारख्या उपनगरांतल्या माणसांच्या टपालावरही 'सिनसिनाटी' असंच लिहिलेलं असतं. नॉरवुड तर चहूबाजूंनी सिनसिनाटीनं वेढलेलं आहे, पण ते वेगळं शहर. बाजारात उभं राहून सह्या गोळा केल्या की यातली कितीतरी माणसं खुशीनं सही करून जातात आणि पडताळणीत त्या सह्या कटतात. घर बदललं पण मतदार यादीतला पत्ता बदलला नाही, त्यांचंही तेच.

दुसरी चूक जास्त महाग पडते. सह्या गोळा करणाऱ्यानं प्रत्येक सही स्वतःच्या डोळ्यांदेखत झाली असं लिहून द्यायचं असतं आणि त्या कागदावर किती सह्या आहेत तो आकडा भरायचा असतो. आकडा २८ लिहिला आणि सह्या २९ निघाल्या, तर एक सही नाही, तो अख्खा कागद बाद. कारण उघड आहे: आकडा लिहून झाल्यावर कुणी मागाहून सही घुसवू नये. म्हणून जाणते उमेदवार सातशे-आठशे सह्या करून ठेवतात आणि कागद देण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांकडून मोजून घेतात.

आता प्रचार. आपल्याकडे 'यंत्रावरील अनुक्रमांक ३ समोरील बटण दाबा' असं छापता येतं. तिथे ते जमत नाही, कारण ओहायोच्या राज्यघटनेनुसार मतपत्रिकेवर नावांचा क्रम फिरता ठेवावा लागतो. एका भागात पहिलं असलेलं नाव दुसऱ्या भागात शेवटी जातं. पहिल्या नावाला फुकटात मिळणारी मतं अशी वाटली जातात, ही सोय मला फार आवडते. पण चिन्हही नाही आणि क्रमांकही नाही, मग मतदारानं तीस नावांतून नऊ शोधायची कशी? चिठ्ठीवरून. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि चार्टर कमिटी ही स्थानिक राजकीय संघटना आपापल्या पाठिंब्याच्या नावांची कार्डं छापतात. मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांवर दोन छोटे अमेरिकन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या आत प्रचाराला बंदी. झेंड्यांच्या बाहेर कार्डं वाटणारे उभे. आपल्या ग्रामपंचायतीतही पक्षचिन्ह नसतं आणि पॅनेल कुणाचं ते गावाला पाठ असतं, तसंच हे. २०२१ मध्ये निवडून आलेल्या नऊंपैकी आठ डेमोक्रॅट होते, हे कुणाला शोधावं लागलं नाही. त्याच वर्षी महापौरपदाच्या मे महिन्यातल्या प्राथमिक फेरीतून पहिले दोघे पुढे गेले, आफताब पुरेवाल आणि डेव्हिड मान. दोघेही डेमोक्रॅट. पुरेवाल जिंकले, त्यांचे वडील पंजाबी, आई तिबेटी.

माझ्या मते चिन्ह आहे की नाही यापेक्षा मतदाराच्या हातात किती मतं आहेत, हे जास्त महत्त्वाचं. दहावं नाव भरलं तर परिषदेची सगळीच मतं बाद होतात. केंद्रावरचं यंत्र असा कागद इशारा देऊन परत करतं आणि मतदाराला नवा मागता येतो. टपालानं मत पाठवणाऱ्याला असा इशारा मिळत नाही. नऊपेक्षा कमी मात्र चालतात, आणि खरी खेळी तिथेच आहे. गणितापुरते आकडे घेऊ. नवव्या जागेसाठी अ ला २०,४०० मतं आहेत आणि ब ला २०,३००. अ च्या २०० समर्थकांनी 'मतं उरलीच आहेत' म्हणून ब लाही मत दिलेलं असलं, तर ब चे २०,५०० होतात आणि अ त्यांच्याच माणसांमुळे पडतो. हे टाळायच्या युक्तीला तिथे बुलेट व्होटिंग म्हणतात: आपल्या माणसाला एकच गोळी, बाकीचे लंबगोल कोरे. उमेदवार मतदारांना हे खासगीत सांगतात. पॅनेलमधल्या इतर आठ जणांसमोर कोण सांगणार?

दुसरा परिणाम आणखी मोठा. ५५ टक्के मतदारांनी एकच कार्ड पाळलं तर नऊच्या नऊ जागा त्यांच्या, ४५ टक्क्यांच्या हाती भोपळा. हे शहराला कळलं नव्हतं असं नाही. पक्षयंत्रणेच्या भ्रष्टाचाराला कंटाळून १९२४ मध्ये नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची घटना, आली, तेव्हा पक्षनाव तर काढलंच, पण १९२५ पासून पसंतीक्रमाची मतंही आणली. १, २, ३ असे आकडे लिहायचे, आणि वैध मतांच्या एक दशांशाहून किंचित जास्त मतं झाली की जागा पक्की. मोजणी हातानं, काही दिवस चालायची. याच पद्धतीत १९३१ मध्ये फ्रँक हॉल हे परिषदेतले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, आणि १९५५ मध्ये थिओडोर बेरी उपमहापौर. तेव्हा महापौर परिषदच निवडायची, त्यामुळे पुढचे महापौर बेरी, ही भीती घालून १९५७ च्या जनमतात पसंतीक्रम रद्द करवला गेला. आधीचे चार प्रयत्न फसले होते, पाचवा साधला. नव्या नऊ मतांच्या पद्धतीत बेरी त्याच वर्षी पडले. महापौर व्हायला त्यांना १९७२ उजाडलं.

आणखी एक गंमत. पक्षनाव नसलेली ही निवडणूक घेतं कोण? हॅमिल्टन परगण्याचं निवडणूक मंडळ: चार सदस्य, दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, हीच तिथली निःपक्षपातीपणाची व्याख्या.

मधेच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. प्रत्येक सदस्यानं आधीच लिहून ठेवलेलं असतं की आपली जागा रिकामी झाल्यास परिषदेतल्या कोणत्या सहकाऱ्यांनी वारस निवडावा. परिषदेतले ग्रेग लँड्समन २०२२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले, तेव्हा त्यांची जागा अशीच सेथ वॉल्श यांच्याकडे आली. त्या जागेसाठी तेव्हा एकही लंबगोल कुणी भरला नव्हता.